गरोदरपणातला बीपी: घरी कसा मोजायचा, काय पाहायचं आणि कधी निघायचं

आठव्या महिन्यात डोकं ठणकतंय, दोनदा उलटी झाली, छातीखाली जळजळतंय. घरात पहिलं निदान होतं ते पित्ताचं. मग कोकम सरबत, मेडिकलमधून आणलेली अ‍ॅसिडिटीची गोळी आणि अंधार करून पडून राहणं. कधी कधी ते खरंच पित्त असतं. पण नेमक्या याच तीन तक्रारी प्री-एक्लॅम्प्सिया नावाचा, गरोदरपणात बीपी चढवणारा आजार हाताबाहेर जाऊ लागल्याच्याही असतात. दोन्हींतला फरक अंदाजाने कळत नाही. त्यासाठी बीपी मोजावा लागतो, लघवी तपासावी लागते आणि गरज पडली तर रक्तही.

या आजारात आकडे बिघडतात तेव्हा बाईला बहुतेक वेळा बरंच वाटत असतं. त्यामुळे "मला काही होत नाहीये" या वाक्यावर विसंबून एकही तपासणी चुकवू नका.

आजार सुरू होतो वारेपासून

गर्भ रुजतो तेव्हा गर्भाशयातल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, म्हणजे वारेला (बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाला) भरपूर रक्त मिळतं. काही जणींमध्ये त्या अरुंदच राहतात. रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडू लागते, ज्यांनी तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. पुढचं सगळं त्यातून येतं. रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बीपी चढतो. किडनीची गाळणी गळू लागते, म्हणून लघवीतून प्रोटीन जातं. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज येते. लिव्हर सुजून त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं, म्हणून उजव्या फासळ्यांखाली दुखतं. आणि मेंदूपर्यंत गोष्ट गेली की डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं, झटके येतात. झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात.

वारेतला हा बिघाड पहिल्या काही महिन्यांतच झालेला असतो, दिसतो मात्र २० आठवड्यांनंतर. म्हणून सुनेने काही वावगं खाल्लं, फार काम केलं किंवा फार विचार केला म्हणून हे झालं, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. तिच्यावर हा बोल लावू नका.

शंभर गरोदर बायकांपैकी साधारण दोन ते आठ जणींना हा आजार होतो. २० आठवड्यांनंतर वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त, असं किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आलं आणि लघवीत प्रोटीन सापडलं, की निदान पक्कं होतं. प्रोटीन नसलं तरी वाढलेल्या बीपीबरोबर प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) एक लाखाच्या खाली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ च्या वर, लिव्हरच्या एन्झाइमचे आकडे दुप्पट, फुप्फुसात पाणी, न थांबणारी डोकेदुखी किंवा नजरेतला बिघाड यांपैकी एक जरी असलं तरी निदान तेच. "लघवी स्वच्छ आहे, मग काळजी नको" हा जुना समज अजून बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. तो सोडून द्यावा.

बाराव्या आठवड्याच्या आत करायची कामं

पाळी चुकल्यावर पहिला बीपी लवकर, शक्यतो १२ आठवड्यांच्या आत मोजून कार्डावर लिहून घ्या. याला कारण आहे. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत बीपी नैसर्गिकपणे खाली येतो. जिला आधीपासून बीपी होता आणि माहीत नव्हता, तिचा आकडा पाचव्या महिन्यात अगदी छान दिसतो आणि आठव्यात तो वर गेला की आजार जुना की नवा, हे कुणालाच सांगता येत नाही. सुरुवातीचा एक आकडा हाताशी असला तर हा गोंधळ टळतो.

आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या गर्भाच्या किडनीला इजा करतात. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घ्या. लॅबेटेलॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. आपल्या मनाने गोळी नुसती बंद करून बसणं हेही तितकंच वाईट.

मग आपला धोका किती, ते पाहा. आधीच्या बाळंतपणात प्री-एक्लॅम्प्सिया झालेला, जुना बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार) किंवा रक्तात गाठी होण्याचा अँटिफॉस्फोलिपिड आजार, पोटात जुळं, यांपैकी एकही गोष्ट असेल तर धोका मोठा. पहिलटकरीण असणं, वय ३५ च्या पुढे, वजन फार जास्त, आई किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार झालेला, आधीच्या बाळंतपणाला दहा वर्षांहून जास्त झालेली, किंवा आयव्हीएफने राहिलेले दिवस, यांतली कारणं त्यामानाने हलकी. पण अशी दोन एकत्र आली की तीही गंभीरपणे घ्यायची. आपल्या आईला विचारा: "माझ्या वेळी बीपी वाढला होता का? सूज होती का? लवकर मोकळं करावं लागलं होतं का?" जुन्या बायका आजाराचं नाव सांगणार नाहीत, पण "अंगावर फार सूज चढली होती" किंवा "आकडी आली होती" हे त्यांच्या नक्की लक्षात असतं.

मोठ्या धोक्याचं एक किंवा हलकी दोन कारणं असतील तर डॉक्टरांना अ‍ॅस्पिरिनबद्दल स्वतःहून विचारा. कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन, म्हणजे रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री झोपताना, १२ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. साधारण ३६ आठवड्यांपर्यंत ते चालतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. पण फायदा त्याच बायकांना जास्त झाला, ज्यांनी गोळी नेमाने घेतली. पाचव्या-सहाव्या महिन्यात उशिरा सुरू केलेल्या गोळीचा उपयोग फार थोडा, कारण वारेचं काम तोवर होऊन गेलेलं असतं. अल्सर, दमा किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि शेजारणीला दिली म्हणून आपणही घेऊ नये.

कॅल्शियम मात्र सगळ्यांसाठी आहे. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा मिळते. ज्यांच्या जेवणात दूध-दही, नाचणी, तीळ कमी असतात त्यांना या आजारापासून तिचा खरा बचाव होतो. जेवणानंतर घ्या आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास लांब ठेवा. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. सोयीची पद्धत अशी: सकाळी आणि दुपारी जेवण झाल्यावर कॅल्शियम, रात्री झोपण्यापूर्वी लोह.

मीठ बंद करण्याने हा आजार टळत नाही. आळणी जेवणाने बाईचं खाणंच कमी होतं आणि तोटा बाळाचा होतो. लोणचं-पापड रोज ताटभर नको एवढंच. पाणी तोडण्यानेही सूज उतरत नाही. घरी दिवसभर पलंगावर झोपवून ठेवण्यानेही आजार थांबत नाही, उलट पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

बीपी मोजणं: बहुतेक चुका इथेच होतात

घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. सगळी डिजिटल मशीन गरोदरपणात बरोबर चालत नाहीत. प्री-एक्लॅम्प्सियात काही मशीन खरा आकडा कमी दाखवतात. गरोदर बायकांवर तपासून पारखलेलं मॉडेल कोणतं, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. मशीन आणल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात न्या आणि त्यांच्या उपकरणाशेजारी लावून पाहा. दोन्हींत १० हून जास्त फरक असेल तर ते वापरू नका.

पट्ट्याचं माप सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. टेलरच्या टेपने दंडाच्या मध्यावरचा घेर मोजा. २२ ते ३२ सेंटिमीटर असेल तर नेहमीचा पट्टा चालतो. त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा जास्त येतो आणि घर उगाच घाबरतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, मिशरी, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवून दंड आवळू नका, हात पूर्ण बाहेर काढा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळणापासून दोन बोटं वर, आत दोन बोटं जातील इतका सैल. हात टेबलावर किंवा दोन उशांवर ठेवा, म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला येतो. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो. मोजत असताना बोलू नका, मोबाइलही नको.

आणखी एक चूक दवाखान्यातही होते. बाई डाव्या कुशीवर झोपलेली असते आणि वर आलेल्या उजव्या हाताचा बीपी घेतला जातो. तो हात हृदयाच्या वर असल्यामुळे आकडा खोटा कमी येतो. "झोपवल्यावर बीपी उतरला" असं समाधान तेव्हा मानलं जातं. बसून पुन्हा मोजायला सांगा.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा. वरचा आणि खालचा, दोन्ही. "नॉर्मल आहे" असं लिहू नका. १३६/८८ आणि ९८/६० या दोन्हींना कुणी नॉर्मल म्हणेल, पण सुरुवातीला ९८/६० असणारीचा १३६/८८ होणं ही डॉक्टरांना सांगायची बातमी आहे.

आकड्याचं काय करायचं? घरी वारंवार १३५/८५ किंवा वर येऊ लागलं तर एका दिवसात दवाखान्यात कळवा. १४०/९० किंवा जास्त आला तर १५ मिनिटं बसून पुन्हा मोजा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका. १६०/११० किंवा जास्त असेल तर ही आणीबाणी आहे. यातला एकच आकडा ओलांडला तरीही. १५ मिनिटांत पुन्हा मोजा, पण तोवर पिशवी भरायला आणि गाडी बोलवायला सुरुवात करा. इतक्या बीपीत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि दवाखान्यात औषध अर्ध्या ते एका तासात सुरू व्हायला हवं.

लघवी तपासताना

घरी प्रोटीन तपासायची पट्टी वापरायची असेल तर सकाळची पहिली लघवी घ्या, धार सुरू झाल्यावरची मधली. आधी जागा साध्या पाण्याने धुवा. अंगावरून पांढरं जात असेल, रक्त असेल किंवा लघवीला जळजळत असेल, तर पट्टी खोटं प्रोटीन दाखवू शकते. पट्टी बुडवून लगेच काढा, कडेला झटका आणि डबीवर लिहिलेल्या वेळेनंतर, बहुधा ६० सेकंदांनी, रंग जुळवा. पाच मिनिटांनी पाहिलेला रंग धरायचा नाही. एक प्लस म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम, दोन प्लस म्हणजे १००, तीन प्लस म्हणजे ३००. डबीचं झाकण उघडं राहिलं की पावसाळ्यात पट्ट्या खराब होतात, तारीख संपलेली नसली तरी.

एक प्लस आलं की दवाखान्यात प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर करून घ्या. त्याला एकदाच थोडी लघवी पुरते. ०.३ किंवा जास्त असेल तर प्रोटीन जातंय, हे नक्की. २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली असेल तर सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्या, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये भरा आणि दुसऱ्या दिवशी सातची धरून थांबा. एक जरी बाथरूममध्ये गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. अर्धवट गोळा केलेल्या लघवीचा अहवाल खोटा दिलासा देतो.

बीपी काहीही असो, निघायचंच अशी लक्षणं

पॅरासिटामॉल घेऊनही न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे चमकणं, ठिपके, धूसर किंवा अर्धंच दिसणं. पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या फासळ्यांखाली दुखणं. शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने सुरू झालेल्या उलट्या. आडवं झाल्यावर दम लागणं. लघवी खूप कमी होणं. पोट कडक होऊन सतत दुखणं किंवा अंगावरून रक्त जाणं, कारण वार आतल्या आत सुटत असेल. आणि बाळाची हालचाल मंदावणं.

फासळ्यांखालच्या दुखण्याबद्दल आणखी थोडं. या आजाराचं एक वाईट रूप म्हणजे हेल्प सिंड्रोम. यात रक्तपेशी फुटतात, लिव्हर बिघडतं आणि प्लेटलेट घसरतात. काही जणींत बीपी फार वाढलेला नसतो आणि लघवीही जवळजवळ स्वच्छ असते. म्हणून सातव्या महिन्यानंतर "अ‍ॅसिडिटी" गोळीने तासा-दोन तासांत थांबली नाही, तर प्लेटलेट आणि लिव्हरची तपासणी मागा.

सुजेचं गणित थोडं वेगळं आहे. संध्याकाळी पावलं सुजणं आणि रात्री उतरणं बहुतेकींना होतं. काळजी करायची ती एक-दोन दिवसांत चेहऱ्यावर आणि हातांवर चढलेल्या सुजेची. सकाळी डोळ्यांच्या पापण्या जड, अंगठी निघेना, कालपर्यंत सैल असलेल्या बांगड्या रुतू लागल्या, आठवड्यात वजन एक किलोहून जास्त वाढलं, असं झालं की त्याच दिवशी बीपी मोजा. सुजेवर लघवीची गोळी आपल्या मनाने कधीच नाही. या आजारात रक्तवाहिन्यांतलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, गोळीने ते आणखी घटतं.

हालचाल मोजायची ती २८ आठवड्यांनंतर, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर रात्र असली तरी निघा.

झटका आला तर

आधी फिट न येणाऱ्या गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला झटका आला, तर तो एक्लॅम्प्सियाच समजून धावपळ करायची. अंगात आलं, बाहेरची बाधा झाली म्हणून उतरवत बसण्यात गेलेली वेळ परत मिळत नाही.

तिला डाव्या कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. दात उघडायला चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. तोंडातला फेस आपोआप गळू द्या. घड्याळ पाहा. १०८ ला फोन करून तीन गोष्टी सांगा: बाई गरोदर आहे, कितवा महिना आहे, झटका आला आहे. झटका थांबल्यावर ती गुंगीत असते, तेव्हा पाणी किंवा दूध पाजू नका. ते श्वासनलिकेत जाईल.

मोठं रुग्णालय लांब असेल तर वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवता येतं: दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, खोल स्नायूत. ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं, म्हणजे एकूण दहा अँप्यूल. उपकेंद्रातल्या कपाटात ते दहा आहेत आणि मुदतीत आहेत, हे दर महिन्याला पाहायला हवं. झटका आल्यावर शोधाशोध करून उपयोग नाही.

कुठे न्यायचं, कार्डावर काय हवं

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे आजार डोकं वर काढतो नेमक्या त्याच काळात, बाई गाव बदलते आणि डॉक्टरही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर अख्खं गरोदरपण फडावर जातं. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि बीपीची वही साड्यांच्या आधी पिशवीत ठेवा. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईंकडे नोंद करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. धोका असेल तर कार्डावर तशी खूण करून घ्या.

जवळचा नर्सिंग होम चांगला असला तरी दोन प्रश्न आधी विचारा: रात्री रक्त आणि भूलतज्ज्ञ मिळतात का, आणि कमी दिवसांच्या बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का? ३४ आठवड्यांच्या आधी आजार दिसला तर बाळाची काचेची पेटी जिथे आहे अशाच ठिकाणी, बाळ पोटात असतानाच जावं. जन्मल्यावर दीड किलोचं बाळ रुग्णवाहिकेतून हलवणं फार धोक्याचं असतं. सरकारी रुग्णालयात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे.

दवाखान्यात काय होईल

रक्तात प्लेटलेट, लिव्हर, क्रिएटिनिन, मग बाळाची सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). बीपी उतरवायला लॅबेटेलॉलचं इंजेक्शन किंवा तोंडाने गिळायची निफेडिपिन. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देऊ नये, त्याने बीपी एकदम कोसळतो. आकडा १४०/९० च्या आसपास ठेवतात, १२०/८० वर घाईने आणत नाहीत. नातेवाइकांना हा हलगर्जीपणा वाटतो, पण फार खाली आणला की वारेचं रक्त कमी होतं.

आजार गंभीर असेल तर झटके टाळण्यासाठीही मॅग्नेशियम देतात. २००२ सालच्या मॅगपाय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. इंजेक्शन घेताना अंगात गरम वाफ गेल्यासारखं वाटतं, त्याला घाबरू नका. सिस्टर वारंवार गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहतात, श्वास मोजतात (मिनिटाला १६ च्या खाली नको) आणि लघवी मोजतात (तासाला ३० मिलिलिटर तरी हवी). औषध जास्त झालं तर आधी हातोडीने पाय उडणं बंद होतं, मग श्वास. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी असतं.

"सलाईन का लावत नाही?" असा आग्रह धरू नका. या आजारात रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, जास्तीचं सलाईन फुप्फुसात उतरतं आणि बाई बुडाल्यासारखी धापा टाकते.

खरा उपाय वार बाहेर येणं हाच. गंभीर लक्षणं नसतील तर ३७ आठवडे पूर्ण होताच मोकळं करतात. गंभीर असेल तर ३४ आठवड्यांनंतर वाट पाहत नाहीत. त्याआधी बाळासाठी एकेक दिवस मोलाचा असतो, म्हणून मोठ्या रुग्णालयात दाखल ठेवून ओढता येईल तेवढं ओढतात. पण झटके आले, वार सुटली, प्लेटलेट घसरू लागले किंवा बीपी औषधांना दाद देईना, तर दिवस मोजत नाहीत. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार इंजेक्शनं देतात. सिझेरियनच करावं लागतं असं नाही. गर्भाशयाचं तोंड आणि बाळ ठीक असेल तर कळा आणून बाळंतपण होऊ शकतं.

बाळाला होणारं नुकसान बहुतेक दोन वाटांनी होतं. रक्त कमी पोचल्याने वाढ खुंटते आणि बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, किंवा आईला वाचवायला लवकर मोकळं करावं लागतं. वाढ खुंटलेल्या बाळाच्या नाळेतला रक्तप्रवाह डॉपलरमध्ये दिसतो. "बाळ लहान आहे, आई खात नाही" एवढ्यावर थांबू नका, डॉपलर काय सांगतो ते विचारा.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

इथे सगळ्यांची नजर बाळाकडे वळते आणि बाळंतिणीचा बीपी मोजायचं राहून जातं. प्रत्यक्षात तो तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो, म्हणजे बहुधा घरी सोडल्यावर. झटके बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत जास्त येतात, पण काही आठवड्यांनीही येऊ शकतात, आणि गरोदरपणात बीपी अगदी नीट असलेल्या बाईलाही. कंबरेत सुई देऊन भूल दिली असेल तर डोकेदुखी त्या सुईवर ढकलली जाते. सुईचं डोकं बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं. तरीही आधी बीपी मोजा, मग ठरवा.

बाळंतपण होताच रक्तस्राव थांबवायला मेथर्जिनचं इंजेक्शन काही ठिकाणी सवयीने देतात. बीपी वाढलेल्या बाईला ते चालत नाही, ऑक्सिटोसिन चालतं. लेबर रूममध्ये जाण्याआधी नातेवाइकांनी "हिला बीपी आहे" हे स्वतःहून सांगावं, विशेषतः रुग्णालय ऐनवेळी बदललं असेल तर.

किमान पहिले तीन दिवस दवाखान्यात बीपी मोजला जावा. घरी आल्यावर बारशापर्यंत रोज दोनदा, मग सहा आठवड्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा. वरचा आकडा दीडशेच्या वर किंवा खालचा शंभरच्या वर गेला तर दवाखाना. दुधावर असताना लॅबेटेलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल चालतात, दूध तोडायची गरज नाही. बरं वाटलं म्हणून गोळी अचानक थांबवू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. १२ आठवड्यांनंतरही बीपी वर असेल तर तो आता कायमचा बीपी समजून उपचार करावे लागतात. बीपी वर असेपर्यंत इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, तांबी चालते.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. त्यावर किती आठवड्यांना मोकळं केलं, बाळाचं वजन, सर्वांत वरचा बीपी, सर्वांत खालच्या प्लेटलेट आणि झटका आला होता की नाही, एवढं लिहिलेलं आहे का, ते घरी निघण्याआधीच वाचा. नसेल तर लिहून मागा. पुढच्या वेळी साधारण सहा जणींपैकी एकीला हा आजार पुन्हा होतो. ३४ आठवड्यांच्या आत मोकळं करावं लागलं असेल तर तिघींपैकी एकीला. या बायकांना पुढच्या आयुष्यात बीपी, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा मूल मोठं झाल्यावरही वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. पुन्हा दिवस राहिले की ते कार्ड घेऊन पहिल्या दोन महिन्यांतच डॉक्टरांकडे जा, म्हणजे बाराव्या आठवड्याची अ‍ॅस्पिरिन वेळेवर सुरू होईल.